बर्फात अडकलेला डबा

गिरीज गावातल्या आमच्या आळीत पहिला फ्रिज माझ्या घरी आला, आणि ही गोष्ट मी आजही संधी मिळेल तिथे सांगते. घरातली पोरंसोरं डोळे फिरवतात. फिरवोत. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, मी शाळेत शिकवत होते, पगार माझ्या हातात येत होता, आणि "शिळं खायचं कपाट कशाला होवं घरात" असं म्हणणाऱ्या सासूबाईंशी हुज्जत घालून घालून मी तो आणला होता. गर्व कशाचा करावा हे ज्याचं त्याने ठरवावं. मी फ्रिजचा केला.

तो ठेवला होता ओटीवर, स्वयंपाकघरात नाही. आल्यागेल्याला दिसायला हवा ना. एका दाराचा, माझ्या खांद्याइतका उंच. आत वरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा बर्फाचा कप्पा, त्याला छोटं झाकण, आणि कप्प्याखाली गळणारं पाणी झेलायला प्लास्टिकचा एक उथळ ट्रे. फ्रिजच्या डोक्यावर मी क्रोशाचा रुमाल विणून घातला होता आणि त्यावर पितळी फुलदाणी. फ्रिज चालू झाला की फुलदाणी थरथरायची आणि ओटीवर बसलेला पाहुणा दचकायचा. मला ते फार आवडायचं.

फ्रिज माझा होता खरा, पण आत माझं असं फारसं काही नसायचं. आळीतली विहीर जशी सगळ्यांची तसा फ्रिजही सगळ्यांचा, हे कोणी मला विचारून ठरवलं नव्हतं. कोणाची गाय व्यायली की चिकाचं दूध आमच्याकडे. कोणाच्या लग्नाच्या वेण्या ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्याकडे. पोर झाडावरून पडलं, टेंगूळ आलं, की बर्फ मागायला आमच्याकडे. बायका यायच्या, दार उघडायच्या आणि तसंच उघडं ठेवून आपण काय घ्यायला आलो याचा विचार करत उभ्या राहायच्या. बाहेर केळीच्या बागा, त्यांची ती पाणथळ दमट हवा. ती सगळी आत शिरायची आणि कप्प्यावर थर चढायचे. चार महिन्यांत झाकण लागेनासं व्हायचं.

तो बर्फ काढायचं काम मी कोणाला करू देत नसे. त्यालाही कारण होतं. पलीकडच्या आळीत आमच्यानंतर एक फ्रिज आला होता. तिथल्या सुनेने घाईघाईत सुरीने बर्फ उकरला, सुरी आतल्या नळीत घुसली, फुस्स झालं आणि गॅस गेला तो गेलाच. त्या फ्रिजमध्ये आता तांदूळ ठेवतात. उंदीर शिरत नाही, एवढाच काय तो फायदा. मी तो फ्रिज जाऊन बघून आले होते आणि माझा नियम तेव्हाच ठरला. आदल्या दिवशी आळीत सांगायचं, आपापलं सामान घेऊन जा. मग खटका बंद करायचा, वर प्लगही काढायचा. पायात कोरड्या चपला, खाली पाट, पाटाभोवती गोणपाट. दारं सताड उघडी, आणि धारेची वस्तू ओटीवर दिसता कामा नये. मे महिन्यात भात शिजायच्या आत बर्फ गळून पडायचा. थंडीत मात्र मी त्या वाटेला जात नसे. आमच्या ओटीवर नारळी-पोफळींच्या आडून ऊन यायलाच उशीर व्हायचा. गार ओटीवर बर्फ वितळायची वाट बघणं म्हणजे पाहुणे उठायची वाट बघण्यासारखं होतं.

आता शेजारच्या मुलीचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण, त्यालाही जाऊन-येऊन वाट पडलेली. वडील मुंबईत एका कचेरीत कारकून, आई घर आणि वाडी बघायची. त्यांची एकुलती मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिला साखरेचा आजार होता. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, लहान मुलांचा, रोज सुई घ्यावी लागणारा. रोज सकाळी, काही खायच्या आधी. ती सुई नाही तर खाणं नाही, आणि सुई चुकली तर पोर झोपेतच हातची जाईल, असं डॉक्टरांनी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं. औषधाची बाटली ठेवायची थंडीत, पण बर्फात नाही. एकदा गोठलं की ते फेकून द्यायचं.

ती बाटली आमच्या फ्रिजच्या दारात असायची. एका गोल पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोज सकाळी मुलगी कुंपणातून यायची, "काकी, माझा डबा" म्हणायची, मी तो काढून द्यायची आणि थोड्या वेळाने तो परत यायचा. खरं सांगते, मला मनातून फार बरं वाटायचं. दुधाच्या पिशव्या आणि वेण्या ठेवायला काय, कोणीही फ्रिज आणेल. माझा फ्रिज एक पोर सांभाळत होता.

आणि नाताळ आला.

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या फ्रिजची अवस्था काय होती ते सांगून खरं वाटणार नाही. आळीतल्या सगळ्या ख्रिस्ती घरांचं सामान आत. इंदेलच्या, म्हणजे डुकराच्या आंबट-तिखट मटणाच्या बरण्या, मसाला लावलेलं मटण, कस्टर्डची भांडी. सासूबाईंनी मधल्या फळीवर केळीचं पान आडवं लावून हद्द आखली होती. पानाच्या पलीकडे डुकराचं, अलीकडे आमचं दूध-दही. "त्या बाजूचा वास या बाजूला इला तर मी दूध फेकून देन," असं त्यांनी जाहीर केलं होतं. पावसाळ्यापासून बर्फ काढलेला नव्हता, कारण फ्रिज रिकामा करायला आळीने सवडच दिली नव्हती. कप्प्याभोवती पांढरा थर जाड झाला होता.

मुलीच्या वडिलांनी त्या दिवशी मुंबईहून औषधाची नवी बाटली आणली. जुनी त्याच सकाळी संपली होती. संध्याकाळी ते आपली इंदेलची बरणी ठेवायला आले, बरणीबरोबर बाटलीही डब्यात घालून ठेवून गेले. मी तेव्हा माडाच्या झावळ्या मोजून घेत मागे वाडीत होते. मी असते तर पुढचं काही घडलं नसतं.

नाताळच्या सकाळी थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मुलगी नवा पांढरा फ्रॉक घालून आमच्या पायरीवर येऊन बसली. त्यांच्या घरातून तळणाचा वास येत होता. "काकी, माझा डबा. लवकर दे, भूक लागलीय," ती म्हणाली.

मी फ्रिजचं दार उघडलं. दारात डबा नव्हता. तो कप्प्याखालच्या ट्रेमध्ये होता. संध्याकाळभर दाराची उघडझाप होऊन गळलेलं पाणी ट्रेमध्ये साचलं, मग रात्रभर दार घट्ट बंद राहिलं आणि ते डब्याभोवती गोठलं. वरून कप्प्याचा बर्फ खाली उतरून त्याला मिळाला होता. डब्याचं नुसतं झाकण दिसत होतं. मी धरून हलवून बघितला. ढिम्म.

माझी हाक ऐकून मुलीचे आईवडील धावत आले. वडिलांचा चेहरा बघूनच मला कळलं कोणी केलं ते.

"मीच वर ठेवला, बाई," ते म्हणाले. "बरणीला जागा नव्हती, ती दारात डब्याच्या जागी ठेवली. म्हटलं, नवी बाटली आहे, बर्फाला लागून असलेली बरी. आपण मासळी नाही का बर्फात ठेवत?"

कळंबच्या किनाऱ्यावर ज्याचं बालपण गेलं त्या माणसाने दुसरं काय करावं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकवली होती, टिकवायचं ते बर्फात घाला. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते कुठल्याही सणाला बोलण्यासारखं नव्हतं. पण ते पायरीवरच्या पोरीकडे बघत होते, म्हणून मी गिळलं. माझ्या आयुष्यात मी फार वेळा असं गिळलेलं नाही.

सण होता, औषधांची दुकानं बंद. मुंबईला जाऊन उघडं दुकान शोधून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली असती, आणि तोवर ती पोर सणाच्या दिवशी उपाशी, बिनसुईची. डबा निघायला हवा होता, लवकर निघायला हवा होता, आणि आतलं औषध गोठलेलं नसायला हवं होतं. या तिसऱ्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

एवढ्यात आमचे हे वालीवच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आले. हकिकत ऐकली, पिशवी उघडली आणि छिन्नी-हातोडी काढली. मुलीचे वडील तोवर घरून कोयता घेऊन आले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे एकाला दोन उतावळे होते.

मी फ्रिजसमोर जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो," हे म्हणाले. "एक घाव घातला की सुटेल."

"एक घाव घातला की नळी फुटेल. मग फ्रिजही जाईल आणि बाटलीही. डबा पत्र्याचा आहे, आत काच आहे. अहो, कारखान्यात चालतं ते इथे चालणार नाही."

"मग स्टोव्ह पेटवून समोर ठेवू."

"प्लास्टिक वितळेल. घराला आग लावायची असली तर निदान सण संपू दे."

मुलीची आई म्हणाली, "कढत पाणी ओतलं तर?"

तेही मला नको होतं. कढत पाणी एकदम पडलं तर ट्रे तडकला असता. शिवाय बर्फ वितळता वितळता डबा तापला असता, आणि तापलेलं औषधही गोठलेल्याइतकंच बिघडतं. सगळ्यांना नको म्हणून झालं आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगी पायरीवर बसून फ्रॉकची झालर दुमडत आणि उलगडत होती. ती रडत नव्हती, आणि तेच मला बघवत नव्हतं.

मी प्लग काढला, दार उघडं ठेवलं आणि तोंड धुवायच्या निमित्ताने मागे विहिरीवर गेले. खरं म्हणजे माझे डोळे भरून आले होते आणि ते मला कोणाला दाखवायचे नव्हते. पोहरा सोडला, ओढला, ओंजळ भरून तोंडावर मारली. पाणी कोमट होतं. पोहऱ्यातून वाफ निघत होती.

आमच्याकडे हे लहान मूलही जाणतं. डिसेंबरात भल्या सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं, म्हणून तर वाडीवाले बंब न पेटवता थेट विहिरीवर आंघोळ उरकतात. मी रोज त्या पाण्याने तोंड धूत होते. बर्फ वितळवायला पुरेसं ऊबदार, आणि औषधाला धक्का लागणार नाही इतकं मवाळ. सगळं समोर होतं आणि मी ओटीवर उभी राहून छिन्नी-हातोडीशी भांडत होते.

"आई," मी ओरडले, "पाणी ओढा. थांबू नका."

सासूबाईंनी कारण विचारलं नाही. पदर खोचला आणि कप्पीशी उभ्या राहिल्या. मुलीची आई बादल्या वाहायला लागली. मी दोन पसरट पातेली त्या पाण्याने भरून बर्फाच्या कप्प्यात सरकवली आणि झाकण जमेल तसं ओढून घेतलं, म्हणजे ऊब आत राहील. मग जुनी लुगडी फाडून त्याची फडकी केली, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळली आणि ट्रेमधल्या बर्फावर चारी बाजूंनी दाबून धरली. फडकं गार झालं की दुसरं, पातेलं गार झालं की दुसरं. पुरुषांच्या हातातली हत्यारं काढून घेऊन मी त्यांना फडकी पिळायला बसवलं. एक कारखान्यातला कारागीर, एक कचेरीतला कारकून, मांडी घालून लुगडी पिळत होते. आळीतल्या बायका कुंपणावरून बघत होत्या आणि आपापल्या बरण्या घेऊन जात होत्या. ओटीवरची थंडी अशी होती की त्या बरण्या बाहेर राहिल्या तरी काही बिघडलं नाही. थंडीने तेवढी एक मदत केली.

सुरुवातीला काहीच होत नव्हतं. नुसता थेंब थेंब. यांनी दोनदा हातोडीकडे बघितलं आणि मी दोनदा त्यांच्याकडे. सासूबाई बादली ठेवायला आल्या, वाकून बघितलं.

"सुटतंय काय गो?"

"सुटेल. पाणी आणा."

"पान्याला काय तोटा हाय. तू हात काढू नको."

ज्या बाईने फ्रिजला कधी नावाने हाक मारली नव्हती ती त्या दिवशी त्याच्यासाठी विहीर उपसत होती. माझी बोटं बधिर झाली होती. गुडघ्याखाली पाट, तरी गोणपाटातलं पाणी साडीत चढत होतं. मला मुळीच थांबावंसं वाटलं नाही.

मग वर कप्प्यात कडकन आवाज झाला आणि बर्फाची एक मोठी लादी पातेल्यावर बसली. मुलीच्या वडिलांनी डब्याकडे हात नेला.

"ओढू नका," मी म्हटलं. "त्याचा तो सुटू दे."

आणखी फडकी झाली. डब्याच्या कडेने पाण्याची एक रेघ दिसली, मग ती रुंद झाली. मी दोन बोटांनी झाकण धरून जरासं फिरवलं, तर अख्खा डबा हलला. मी तो उचलला.

डबा हातात आला आणि मला खरी भीती वाटली. इतका वेळ हात चालू होते, त्यामुळे ती लांब राहिली होती. मी डबा बाहेरून कोरडा पुसला, माझे हात पुसले, झाकण उघडलं. कापूस कोरडा होता. बाटली काढून आडवी केली. आतलं पांढुरकं औषध सरळ वाहत दुसऱ्या टोकाला गेलं.

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. गोठून पुन्हा पातळ झालं असेल तर आत कण दिसतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दारात गेले. नारळीच्या झावळ्यांतून तेव्हा कुठे ऊन खाली उतरत होतं. बाटली उन्हासमोर धरली, हळूच फिरवली. मागे चार माणसं माझ्या शब्दाची वाट बघत उभी होती. मी वर्गात रोज शंभर उत्तरं तपासायची, पण चुकीला बरोबर म्हटलं तर पोर जाईल असं उत्तर मी कधी तपासलं नव्हतं. पुन्हा बघितलं. कण नव्हता. कापसाने आणि पत्र्याने मिळून त्याला राखलं होतं.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

मुलीची आई सिरिंज उकळायला घरी धावली. यांनी फ्रिज आतून कोरडा पुसायला घेतला. मी सांगितलं की खटक्याला हात लावू नका, सगळं नीट सुकल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि त्यांनी हो म्हटलं. लग्न झाल्यापासून इतक्या सरळपणे हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

सिरिंज आली. काचेची ती जुनी सिरिंज. मुलीच्या आईने ती हातात घेतली, पण तिचे हात ऐकेनात. सकाळभर बादल्या वाहून बोटं आखडलेली, त्यात भीती. सुई बाटलीच्या बुचावर टेकायची आणि घसरायची. एकदा, पुन्हा एकदा. ती रडायला लागली. वडिलांनी हात पुढे केला, तर त्यांचे हात तिच्यापेक्षा वाईट. मी पुढे होणार, तोच मुलगी पायरीवरून उठली.

ती आईजवळ गेली आणि बाटली तिच्या हातातून काढून घेतली. रोज आई करायची तशी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू घोळवली. मग सिरिंज घेतली, सुई बुचात सरळ घातली, बाटली उलटी केली आणि औषध ओढलं. उजेडात धरून नखाने टिचकी मारली, बुडबुडा वर आला, तो काढला. "आई, रेघ बघ, बरोबर आहे ना?" आईने डोळे पुसून बघितलं आणि मान हलवली. मुलीने नवा फ्रॉक गुडघ्यावरून वर घेतला, मांडीची चिमूट धरली आणि सुई टोचली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती रोज बघत होती, एवढंच.

मी कित्येक पोरांना शिकवलं. त्यातली काही मोठ्या हुद्द्यांवर गेली, येऊन पाया पडतात, बरं वाटतं. पण छाती भरून येणं म्हणजे काय ते मला त्या ओल्या ओटीवर कळलं, आणि त्या पोरीला मी एक अक्षरही शिकवलेलं नव्हतं.

सुई काढून तिने कापूस दाबून धरला. मग आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आम्ही सगळे रडत होतो, आणि ती म्हणाली, "उद्यापासून मीच घेणार. तुम्ही घाबरता."